उलट्या पावलांची स्टॉपर

रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणाऱ्या आजोबा मंडळींनी माझं नाव हडळ ठेवलं होतं. तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण कानावर आलंच. 2023 च्या पावसाळ्यात रोज साडेपाचला मी तिथं उलटी चालायची. धाकटी बहीण माझ्याकडं तोंड करून समोरून चालत यायची आणि वाट सांगायची, "डावीकडं घे, कुत्रं झोपलंय." अंधारात, रेनकोट घातलेली, उलट्या पावलांनी सरकत येणारी बाई दिसल्यावर माणसानं दुसरं काय म्हणायचं!

खरं तर उलटं पळणं हेच माझं काम. मी स्टॉपर, म्हणजे आपल्या गोलसमोर मधोमध उभी राहून अडवणारी. फॉरवर्डचं तोंड गोलकडं असतं, आमचं असतं फॉरवर्डकडं. बॉल घेऊन कुणी अंगावर आली की झडप घालायची नाही. तिच्याकडं बघत मागं सरकायचं, तिला कडेला ढकलत न्यायचं, वेळ काढायचा. तोवर आपल्या पोरी परततात. सुरुवातीला मी प्रत्येक बॉलवर पाय टाकायची आणि पोरी मला वळसा घालून निघून जायच्या. ती खोड मोडायला चार वर्षं गेली. मैदानावरची मोडली. गुडघ्याच्या बाबतीत ती परत उगवली, ते पुढं येईलच.

आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे घरचं कार्य. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, संघांना तालमींचीच नावं. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुपारी दुकानं ओस पडतात. गर्दी मात्र बाप्यांची. मी भावाबरोबर लहानपणी जायची, टोपीत केस कोंबून. खेळायला लागले शाळेत, मग जिल्हा, विद्यापीठ, राज्य, आणि नंतर परराज्यातला एक क्लब. तिथं दुसऱ्याच हंगामात कॅप्टनचा पट्टा दंडावर आला. मी काही संघातली सगळ्यात चांगली खेळाडू नव्हते. सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी होते. कोचनी सरळ सांगितलं, "तू मागून सगळं मैदान बघतेस, आणि तुझा आवाज पोचतो."

ओरडायचं कुठल्या भाषेत, हा खरा प्रश्न होता. संघात मणिपूरच्या पाच जणी, ओडिशाच्या तिघी, हरियाणाच्या, केरळच्या. माझं हिंदी कोल्हापुरी. शेवटी सहा-सात शब्दांची एक भाषा तयार झाली: 'स्टेप' म्हणजे मागची सगळी लाइन पुढं चढा, 'होल्ड' म्हणजे थांबा, 'मॅन' म्हणजे पाठीमागं कुणीतरी आहे, 'टाइम' म्हणजे वळ, कुणी नाही. बाकीचं हातवारे. जेवणाच्या टेबलावर मात्र मी कुणाची इचे, कुणाची चेची, कुणाची दीदी. एकविसाव्या वर्षी एवढ्या बहिणी झाल्या की घरी फोन करायला वेळ मिळेना.

आम्हा सगळ्या मागच्या खेळाडूंचा देव एकच, आशालता देवी. इंफाळची, स्टॉपर, तेव्हाची देशाची कॅप्टन. जानेवारी 2022 मध्ये आशियाई करंडक आपल्याकडं, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला तेव्हा 20 तारखेला डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत-इराण 0-0 सुटला. मी टीव्हीसमोर बसून फक्त तिच्याकडं बघत होते. बॉल दुसऱ्या टोकाला असताना ती काय करते, कुणाला कुठं हलवते. तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध मॅच होती. संघात कोरोना शिरला, नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उभ्या राहू शकल्या नाहीत आणि भारत स्पर्धेतून बाद. तो 0-0 सुद्धा हिशेबातून पुसला गेला. न हरता, न खेळता बाहेर. त्या दिवशी मला वाटलं होतं, कॅप्टनच्या वाट्याला याहून वाईट काय येणार.

मार्च 2023, क्लबचं शिबिर. महिनाभरावर अहमदाबादला इंडियन विमेन्स लीग. सकाळची सरावाची मॅच, आमच्याआमच्यातच. समोरची पोरगी कडेनं आली आणि अचानक आत वळली. मी डावा पाय रोवला आणि वळले. मला कुणी धक्का दिला नाही, कुणाचा पाय लागला नाही. उसाचं कांडं मोडल्यासारखा आवाज आला. तो मी ऐकला, आणि चार पावलांवरच्या गोलकीपरनंही ऐकला.

दुखलं दोन मिनिटं. गंमत म्हणजे नंतर मी उठून चालले. बाहेर बसले, पाणी प्याले, आणि पंधरा मिनिटांनी कोचना म्हटलं, बरं वाटतंय, जाते आत. गेले. पहिल्याच बॉलला मागं वळताना गुडघा जागेवरून सटकला. वरचं हाड एकीकडं, खालचं एकीकडं, अशी ती जाणीव. संध्याकाळी गुडघ्याचा नारळ झाला होता. आतल्या आत रक्त भरलं होतं.

घरी आणलं तर आजीचं एकच, "वस्तादांकडं ने, चोळून देतील." पेठेतल्या निम्म्या लोकांचे खांदे-मनगटं त्यांनीच बसवलेली. बाबा घेऊन गेले. वस्तादांनी गुडघा दोन्ही हातांत धरला, नडगी हळूच पुढं ओढून बघितली, आणि हात काढून घेतला. "आतली दोरी तुटलीया. ह्याला तेल लावायचं न्हाई. डॉक्टराकडं न्या, आणि कुणालाबी चोळू देऊ नका." पुढं डॉक्टरांनी टेबलावर झोपवून अगदी तशीच नडगी ओढून बघितली, तेव्हा मला हसू आलं. एमआरआयनं शिक्का मारला: एसीएल, पूर्ण तुटलेलं. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारा बंध. तो आपला आपण जुळत नाही. सरळ चालायला फारसा लागतही नाही. लागतो वळायला, थांबायला, दिशा बदलायला. म्हणजे माझ्या सगळ्या कामाला.

बायकांच्या फुटबॉलमध्ये ही दुखापत पुरुषांच्या दुपटीहून जास्त होते. कारणं एकात एक गुंतलेली: कमरेची ठेवण, उडी मारून उतरताना गुडघा आत झुकणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद कमी पडणं, शिवाय उशिरा सुरू झालेला व्यायाम, खडबडीत मैदानं, पुरुषांच्या पायाच्या मापावर बेतलेले बूट. हे सगळं मला नंतर कळलं असं म्हणायची सोय नाही. 'फिफा 11 प्लस' नावाचा वॉर्म-अप आमच्या ड्रेसिंग रूमच्या भिंतीवरच चिकटवलेला होता. पंधरा व्यायाम, वीस मिनिटं. नेमानं केला तर दुखापती बऱ्याच घटतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. पोरी कंटाळायच्या. मग मीच, कॅप्टन म्हणून, त्या वीस मिनिटांची दहा केली होती. गुडघ्याच्या ताकदीचे व्यायाम गाळून उरलेलं पळणं तेवढं ठेवलं होतं. त्या दिवशी सकाळीही दहाच. गाळलेल्या दहा मिनिटांनी माझा गुडघा वाचला असता की नाही कोण सांगणार. पण आवाज पोचतो म्हणून पट्टा मिळाला होता, आणि तो आवाज मी कशासाठी वापरला, तर यासाठी.

ऑपरेशन लगेच करत नाहीत. आधी सूज उतरवायची, पाय पूर्ण सरळ व्हायला हवा, मांडीत जीव आणायचा. ताठर गुडघ्यावर कापाकापी केली तर तो ताठरच राहतो. तीन आठवडे त्यात गेले. 6 एप्रिलला ऑपरेशन झालं. कमरेखाली बधिर केलेलं, मी जागी, दुर्बिणीतून आतलं सगळं पडद्यावर दिसत होतं. शहाळ्याच्या मलईसारखी पांढरी कूर्चा, आणि मधोमध तुटलेल्या बंधाची लक्तरं. मांडीच्या मागच्या दोन कंडरा काढून, त्यांची घडी घालून नवी दोरी वळली, हाडांत बोगदे पाडून ती ओवली. डॉक्टर म्हणाले, "मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, शाबूत आहे, नशीबवान आहेस." उताणं पडून नशीबवान.

खर्च दोन लाखांच्या आसपास आला. क्लबनं एमआरआयचे पैसे दिले, आणि फोनवर आपुलकीनं विचारपूस केली. करार हंगामापुरता होता, हंगाम सुरू व्हायच्या आधी मी मोडले होते. आईनं पाटल्या सोनारकट्ट्यावर न नेता बँकेत तारण ठेवल्या, म्हणजे परत येतील या आशेनं. त्यावर जास्त लिहीत नाही. आमच्यातल्या बहुतेक जणींची ही गोष्ट थोड्याफार फरकानं सारखीच आहे.

ऑपरेशननंतरचा पहिला धक्का दुखण्याचा नव्हता. फिजिओ मॅडमनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, "दाब खाली." मी दाबलं. काहीच झालं नाही. मांडी हललीच नाही! ज्या मांडीनं मी नव्वद मिनिटं पळायची, तिला निरोपच पोचत नव्हता. मी तिच्याकडं बघतेय आणि ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी पडलीय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आतल्या बाजूचा स्नायू पापणी फडफडावी तसा फडफडला. मी, मॅडम आणि आई, तिघी ओरडलो. पुढचे कित्येक महिने मला एवढा आनंद कशाचा झाला नाही.

घरात मात्र रोजची लढाई वेगळीच. आमचा संडास देशी. गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकायला दोन आठवडे लागले, उकिडवं बसणं तर फार लांब. भाड्यानं कमोडची खुर्ची आणली. जेवायला सगळे खाली पाटावर आणि मी एकटी वर खुर्चीत, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी. आजी रोज पायासूप करायची, हाडाला हाड धरतं म्हणून. हाड नव्हे, बंध तुटलाय, हे तिला सांगून झालं. "मग दोरीला दोरी धरंल," ती म्हणाली. सूप चांगलं व्हायचं, त्यामुळं वाद वाढवला नाही.

ऑपरेशनला तेरा दिवस झाले होते, 19 एप्रिल. रात्री उशिरा फोनवर बातमी: आर्सेनलची लिआ विल्यमसन मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पाव तासाच्या आत मैदानाबाहेर. दोन दिवसांत कळलं, एसीएल. स्टॉपर आणि इंग्लंडची कॅप्टन. आदल्याच वर्षी युरो करंडक उचललेली. तीन महिन्यांवर विश्वकरंडक होता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आधी मनात जे आलं ते सांगते: चला, आता बरोबर चालायला कुणीतरी आहे. तिच्याकडं डॉक्टरांचा ताफा आणि माझ्याकडं टॉवेलची गुंडाळी, पण दोरी धरायला लागणारे महिने तेवढेच. त्यानंतर मी माझ्या वहीत आठवड्याच्या आकड्यापुढं तिचा आकडा पण लिहायला लागले. तिचा आकडा म्हणजे माझा उणे दोन.

अहमदाबादला लीग सुरू झाली, सोळा संघ. आमच्या मॅचेस मी फोनवर बघितल्या. माझ्या जागी दुसरी, पट्टा तिसरीच्या दंडावर. 'स्टेप' म्हणायला हवं तिथं कुणी म्हणत नव्हतं आणि मी इथं पलंगावर ओरडत होते. बहीण म्हणाली, "ताई, त्यांना ऐकू येत नाही." त्यानंतर मी मॅच बघणं बंद केलं.

आता ती खोड. जूनच्या शेवटाला, ऑपरेशनला बारा आठवडे होत असताना, गुडघा अगदी बरा वाटायला लागला. सूज नाही, दुखणं नाही, जिना उतरता येतोय. मॅडमनी तीनतीनदा बजावलं होतं की धोका याच काळात असतो. लावलेल्या कंडरेला शरीर आपलंसं करताना आधी तिची जुनी घडण मोडतं, मग नवी बांधतं. त्यामुळं दुखणं सगळ्यात कमी होतं तेव्हा दोरी सगळ्यात कच्ची असते. ऐकलं, मान डोलावली, आणि एका रविवारी गल्लीत पोरं खेळत होती तिथं बॉल माझ्या पायाशी आला. मी तो दामटला. तेवढंच नाही, एक पोरगं अंगावर आलं तर त्याला अडवायला पाय टाकला. आधी पाय टाकणारी मी. गुडघा सटकला नाही, पण दुसऱ्या दिवशी भरून आला. मॅडमनी आठ दिवस व्यायाम बंद करून परत पहिल्या पायरीवर बसवलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी सांगितलं, उलटं चालायचं. गुडघ्याला झटका न देता मांडीला काम देणारा व्यायाम, पुढच्या भागावर ताण कमी. "आणि तुला कुठं जायची घाई आहे ते तुला दिसणार पण नाही," त्या म्हणाल्या.

अशी रंकाळ्यावर हडळ आली.

20 ऑगस्टला रविवारी दुपारी विश्वकरंडकाची फायनल. सिडनीत इंग्लंड विरुद्ध स्पेन. लिआ मैदानात नव्हती. 29 व्या मिनिटाला स्पेनच्या ओल्गा कार्मोनानं डाव्या पायानं गोल मारला आणि 1-0 तोच शेवटचा. कार्मोना म्हणजे डावी बॅक, आमच्यासारखीच मागं खेळणारी, आणि त्या दिवशीची कॅप्टन. मी आनंदानं काठी आपटली. रात्री कळलं की तिचे वडील दोन दिवसांपूर्वी वारले होते आणि तिला ते मॅच संपल्यावर सांगितलं. बाबा शेजारीच बसले होते. ते उठून चहा टाकायला गेले, एरवी ते कधी चहा करत नाहीत.

ऑगस्टपासून मी पेठेतल्या पोरींच्या सरावाला जाऊन बसायला लागले. बारा ते सतरा वयाच्या पोरी, मैदान मिळेल तिथं. पळता येत नव्हतं म्हणून खुर्ची टाकून बसायची. आणि पहिलं काम हे केलं की ते पंधरा व्यायाम पूर्ण वीस मिनिटं करून घ्यायचे, कुणी कितीही तोंड वाकडं केलं तरी. त्यांच्यात गडहिंग्लजकडची एक सोळा वर्षांची स्टॉपर होती. पाय चांगला, तोंडात शब्द नाही. मी तिला म्हटलं, तू फक्त एक शब्द म्हण, 'चढ'. मोठ्यानं. पहिल्या दिवशी ती पुटपुटली. मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. असं तीन आठवडे. गणपती झाले, विसर्जनाच्या मिरवणुकीत मी नाचले नाही, कठड्याला टेकून बघत उभी राहिले. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर ती एवढ्या जोरात ओरडली की बाजूला क्रिकेट खेळणारी पोरं थांबली.

ऑक्टोबरमध्ये, सहा महिन्यांनी, पहिली उडीची परीक्षा. एका पायावर उभं राहून पुढं जास्तीत जास्त लांब उडी, त्याच पायावर उतरायचं आणि स्थिर राहायचं. उजवा 158 सेंटिमीटर. डावा 112. म्हणजे एकाहत्तर टक्के, लागतात किमान नव्वद. मला वाटत होतं मी तयार आहे. टेप खोटं बोलत नाही. त्या रात्री वही बंद करून माळ्यावर टाकली. आठवड्यानं बहिणीनं काढून परत उशाशी ठेवली, काही न बोलता, आमच्या घरी बोलायची जबाबदारी बहुतेक माझीच असते.

डिसेंबरात लीगचं नवं रूप आलं. प्रत्येक संघ आपल्या गावी आणि दुसऱ्याच्या गावी खेळणार, चांगलंच झालं. पण संघ सोळाचे सात झाले. सात संघांत स्टॉपरच्या जागा चौदा, बदली धरून अठ्ठावीस म्हणा. त्यात दुरुस्त गुडघ्याची, चोवीस वर्षांची, कोल्हापूरची एक. मी फोन केले. सगळे सौजन्यानं बोलले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत उडी. नऊ महिने पूर्ण, त्याआधी मैदान नाही हे मॅडमचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. उजवा 162, डावा 151. त्र्याण्णव टक्के. त्याच महिन्याच्या शेवटाला लिआ विल्यमसन आर्सेनलसाठी परत मैदानात उतरली, वहीत तो दिवस लाल पेनानं आहे. पुढं 2025 मध्ये तिनं दुसऱ्यांदा युरो करंडक उचलला. माझी वही तोवर संपली होती.

टक्के भरले तरी डोक्याचं काय? सरावात सरळ पळताना भीती नव्हती, धक्का लागला तरी नव्हती. भीती एकाच गोष्टीची, डावा पाय रोवून मागं वळण्याची. मी नकळत उजव्यावर वळायची, अर्धं पाऊल उशिरा. बाहेरून कुणाला दिसलं नसतं. फॉरवर्डला दिसलं असतं.

फेब्रुवारीत पोरींनी एक मॅच ठरवली, वीस-वीस मिनिटांचीच. पट्टा मला देत होत्या, मी घेतला नाही. तो गडहिंग्लजच्या पोरीच्या दंडावर, मी तिच्या शेजारी दुसरी स्टॉपर. पहिली दहा मिनिटं मी बॉल जवळ येईल अशा जागी उभीच राहिले नाही. लाइनपेक्षा चार पावलं मागं, सगळं दिसतंय, सुरक्षित. समोरच्या संघाला ते कळलं आणि माझ्या पुढच्या मोकळ्या पट्ट्यात त्यांनी एक पोरगी आणून सोडली. मी तिच्याकडं बघत मागं सरकतेय, आणखी मागं, रंकाळ्यावर सरकायची तशी.

"ताई, चढ!"

गोलकीपरनं नाही, कोचनी नाही. ती पोरगी, मान माझ्याकडं न वळवता, बॉलकडं बघत ओरडली. आणि मी चढले. चढल्याबरोबर त्यांनी बॉल माझ्या डोक्यावरून मागं टाकला, जो टाकणार हे मला माहीतच होतं. डावा पाय रोवला, वळले, आणि पळाले.